शेगडीचे साडेतीन अँपिअर

मी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. बाबा रत्नागिरीतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसा लग्नपत्रिका आणि बिलबुकं, आणि दिवसाचं काम संपलं की त्याच खिळ्यांतून कामगार संघाची पत्रकं. कच्चं प्रूफ ते घरी आणायचे आणि मी ते मोठ्याने वाचायचं, असा आमच्या घरातला रिवाज होता. सात वर्षांची असताना 'पिळवणूक' म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, पण त्यातला 'णू' दीर्घ असतो हे पाठ होतं. पुढे अर्थही कळला आणि डोकं तापायला लागलं. जे छापलंय ते खरं, आणि जे खरं ते छापलंच पाहिजे, एवढ्या दोन वाक्यांवर मी मोठी झाले.

बाबांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्यांच्या हातून सुटलेल्या कागदात छपाईची चूक नसे. एकदा कुणाच्या तरी पत्रिकेत वरातीची वेळ चुकीची निघाली, तर ती मूळ मजकुरातली आहे हे दाखवायला ते हस्तलिखित घेऊन वधूपित्याच्या घरी गेले होते.

ही गोष्ट घडली तेव्हा मी तंत्रनिकेतनात विद्युत शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात आम्ही दोघीच मुली. प्रयोगाच्या तासाला आमच्याकडे एक सोयीची पद्धत होती. आधी पुस्तकातून उत्तर काढायचं आणि मग त्याला शोभेल असं मीटरचं वाचन वहीत लिहायचं. सगळ्यांची उत्तरं सुंदर यायची. माझं उत्तर नेहमी थोडं वाकडं यायचं, कारण मी काटा जिथे थांबला तिथलाच आकडा लिहायची. मुलं म्हणायची, "हिच्या घरी छापखाना आहे ना, म्हणून हिला खऱ्याची खाज." मला ती शिवी वाटत नसे.

शहराबाहेरच्या कातळावर आंब्याचा डबाबंद रस करणारा एक कारखाना होता. एप्रिलपासून जूनच्या तोंडापर्यंत तिथे आजूबाजूच्या तालुक्यांतल्या बायका यायच्या. हंगामापुरत्या चौघीजणी आमच्या शेजारची खोली भाड्याने घ्यायच्या. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या बाईला आमची अख्खी आळी मावशी म्हणायची. दिवसभर आंबा सोलायचा, कापायचा. आंब्याच्या रसाने बोटं कातरतात, नखांच्या कडा सोलवटतात, आणि मग मिठाचा खडाही हातात धरवत नाही. कोमट पाण्यात हात बुडवले आणि वर खोबरेल चोळलं की जरा बरं वाटतं. कारखान्याकडे गरम पाणी मागितलं तर मुकादम म्हणाला, "मग साबण, अत्तर पण देऊ काय?"

मावशीचा भाऊ मुंबईची नोकरी सुटून कायमचा परत आला तेव्हा त्याच्या सामानात विजेची शेगडी होती. मावशीच्या वाडीत तेव्हा लाईटच नव्हती. घरात ती शेगडी म्हणजे शोभेची वस्तू. म्हणून तिने ती कारखान्यात नेली, आणि सोलायच्या शेडमधल्या भिंतीवरच्या प्लगला लावून दुपारच्या सुट्टीत घमेलंभर पाणी तापवायला लागली. तीसेक बायका आळीपाळीने हात बुडवायच्या. मुकादमाला माहीत होतं. त्यानेही एकदा त्या पाण्यात पाय शेकले होते.

मेच्या मध्याला डब्यांची झाकणं लावणाऱ्या मशिनची मोटर जळाली. दोन दिवस काम बंद पडलं, रस आंबला. मालकाने फळ्यावर कागद लावला: शेडमध्ये बेकायदा शेगडी लावल्यामुळे लाईनवर ताण येऊन मोटर जळाली, संबंधित बाईला पुढच्या हंगामात घेतलं जाणार नाही. हंगामाचं काम यादीवर चालायचं. चैत्रात मुकादम फाटकापाशी उभा राहून नावं वाचायचा. एका कारखान्याच्या यादीतून नाव गेलं की दुसरे कारखानेही दारात उभं करत नसत. मावशीच्या घरात वर्षभरात हातात पगार येईल असं तेवढंच एक काम होतं.

संध्याकाळी ती आमच्या ओटीवर येऊन बसली. रडली वगैरे नाही. बाबांना म्हणाली, "भाऊ, मी शेगडी लावली ती लावलीच. नाय म्हणत नाय. पण त्या एवढ्याशा शेगडीनं एवढी मोठी मोटार जळंल?"

बाबा माझ्याकडे वळले. "काय गो इंजिनीअरीण? जळेल?"

मी म्हटलं, "मोजून सांगते."

आजही मला वाटतं, त्या दोन शब्दांइतकं चांगलं मी नंतर काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीची शेगडी पिशवीत घालून मी तंत्रनिकेतनात गेले. प्रयोगशाळेतल्या सरांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "कर. पण वहीत रीतसर नोंद कर." मुलांनी विचारलं, "आज पिठलंभात काय?" मी शेगडीच्या वाटेत अँपिअरमीटर लावलं, तिच्या दोन टोकांवर व्होल्टमीटर लावलं आणि बटण दाबलं. तार लाल होईपर्यंत थांबले, कारण थंड तारेचं वाचन घेऊन उपयोग नसतो. मग दोन्ही काटे वाचले. दाब दोनशे चोवीस व्होल्ट, करंट चार पूर्णांक दोन अँपिअर.

दाबाला करंटने भागलं की तारेचा रोध मिळतो. दोनशे चोवीस भागिले चार पूर्णांक दोन, म्हणजे त्रेपन्न ओहमच्या किंचित वर. दोघांचा गुणाकार केला की किती वीज खाल्ली ते कळतं. नऊशे चाळीस वॅट. शेगडीच्या पाठीवर हजार लिहिलं होतं, ते पूर्ण दाब मिळाला तर.

पण हे झालं प्रयोगशाळेतलं. कातळावरच्या कारखान्यात दाब किती? मला आत कोण सोडणार? मी मावशीला विचारलं, तिथल्या विजेच्या पेटीवर घड्याळासारखं काही आहे का. ती म्हणाली, "हाय ना. मी त्याच्याच समोर बसतंय. सकाळी काटा वर असतो. मशिनी सुरू झाल्या की खाली येतो नि दिवसभर तिथंच." तिला अक्षर वाचता येत नव्हतं. मी कागदावर तबकडी काढली, खुणा काढल्या, आणि तिला म्हटलं काटा कुठे ते बोट ठेव. तिने न थांबता एकशे ऐंशी आणि दोनशेच्या बरोबर मध्ये बोट ठेवलं. मी कागद फिरवला आणि पुन्हा विचारलं. बोट त्याच जागी. शेजारच्या खोलीतल्या तिघींनाही वेगवेगळं बोलावून विचारलं. एकशे नव्वद.

मग ओट्यावर बसून मावशीला गणित समजावलं. "शेगडीच्या तारेचा रोध ठरलेला. तिथे दाब कमी, म्हणून करंटही कमी. एकशे नव्वदला त्रेपन्नने भाग. साडेतीनच्या थोडं वर. म्हणजे शेगडी कारखान्यात साडेतीन अँपिअर घेत होती. पावणेसातशे वॅट."

"हे लय झालं का थोडं?"

"त्या प्लगची वायर पंधरा अँपिअर सहज नेते. साडेतीन म्हणजे तिचा चौथा हिस्साही नाही."

"नि मोटार?"

"मोटरचं उलटं असतं मावशी. तिला डबा दाबायचाच असतो, दाब कमी असो नाहीतर जास्त. दाब कमी झाला की ती जास्त करंट ओढते आणि तापते. शेगडी उपाशी राहते, मोटर हावरी होते. मोटर एकशे नव्वदने जळाली. आणि तो काटा मालकाला रोज दिसत होता."

मावशीने कागद जवळ ओढला. मग म्हणाली, "एक डाव परत सांग. मालकासमोर मला सांगता आलं पायजे." मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा तिनेच मला सांगितलं, बोटांवर मोजत, एकही आकडा न चुकवता.

मी चार ओळींचा मजकूर लिहिला. साडेतीन अँपिअर, पंधरा अँपिअरची वायर, एकशे नव्वदचा दाब, आणि कमी दाबात शेगडी व मोटर कशा वागतात ते. सोबत वहीतलं पान जोडलं. बाबांनी ते वाचलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या छापतो." त्यांचा हात पाठीवर सहसा पडत नसे. मला दोन दिवस तो तिथे जाणवत होता.

या वेळी प्रूफ घरी आलं नाही. माझी चाचणी होती, म्हणून आलं नसेल असं मी धरून चालले.

शुक्रवारी सकाळी कामावर जायच्या वेळेला आम्ही कारखान्याच्या फाटकावर होतो. बाबांनी माझ्या हातात गठ्ठा दिला. नेहमीप्रमाणे बायका गोळा झाल्या आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "वाच गो, मोठ्यानं वाच." मी वाचायला लागले. हंगामाचं, हातांचं, गरम पाण्याचं, सगळं बाबांच्या जोरकस भाषेत. आणि मग ठळक खिळ्यांत: 'शेगडी खेचते अवघा एक अँपिअर! देवघरातल्या दिव्याएवढी!' आवाज वेगात होता. मी 'एक' म्हटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे वाचत गेले. वायरबद्दल काही नव्हतं. एकशे नव्वदबद्दल काही नव्हतं. मोटरबद्दल काही नव्हतं. शेवटी 'संघाचा विजय असो.' मावशी टाळ्या वाजवत नव्हती. तिची बोटं काहीतरी मोजत होती.

घरी गेल्यावर मी बाबांना विचारलं, "एक कुठून आला?"

"अगं, साडेतीन म्हटलं की माणूस विचारतो, जास्त की कमी? एक म्हटलं की कुणी विचारत नाही."

"पण ते खोटं आहे."

"मावशीचा दोष नाही हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग? पत्रक म्हणजे तुझी प्रयोगवही नाही. लोकांना पेटवायचं असतं, गणित शिकवायचं नसतं."

"आपण दुरुस्ती काढू. आजच. मी हाताने लिहिते."

बाबांचा चेहरा कडक झाला. "माझ्या पत्रकाला मीच खोटं म्हणू? मालक फाटकावर चिकटवेल तो कागद. गप्प राहा. दोन दिवसांत तो नमतो की नाही बघ."

आणि मी गप्प राहिले. हे मी लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्याचा मला हक्क नाही. शनिवार-रविवार मी गप्प होते.

सोमवारी मालकाने सगळ्यांना शेडसमोर बोलावलं. बाबांनाही बोलावलं, आणि बाबांनी मला नेलं. मालकाने कोल्हापूरहून एक इंजिनीअर आणला होता. तो फार सभ्य माणूस होता. पत्रक त्याच्या हातात होतं. "एक अँपिअर म्हणताय न्हवं? मोजूया की. भांडायचं कशाला?" त्याने मावशीची शेगडी मागवून त्याच प्लगला लावली. चिमट्यासारखं तोंड असलेलं मीटर काढलं, वायरीची एक बाजू त्या चिमट्यात धरली, आणि मीटर पुढच्या बायकांना दिसेल असं फिरवलं. मशिनी सुरू होत्या. पेटीवरचा काटा एकशे नव्वदच्या आसपास होता, मी पाहिला.

चिमट्याचा काटा उठला, एकच्या पुढे गेला, दोनच्या पुढे, तीनच्या पुढे, आणि साडेतीनच्या अंगावर येऊन थांबला.

मी काढलेला आकडा. ओट्यावर बसून, कारखाना न बघता, एका बाईच्या बोटावरून काढलेला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अचूक उत्तर होतं आणि सगळे हसत होते. मुकादम ओरडला, "अहो, देवघरातला दिवा फारच मोठा निघाला!"

मी पुढे झाले. म्हटलं, "साडेतीनच बरोबर आहे. मी साडेतीनच काढला होता. ही वायर पंधरा अँपिअरची आहे, यांनाच विचारा. मोटर कमी दाबाने जळाली, तो काटा बघा." इंजिनीअरने माझ्याकडे जरा कुतूहलाने पाहिलं. तो काहीतरी बोलणार होता, बहुतेक माझ्या बाजूने. पण मालक मध्येच म्हणाला, "थांब पोरी. तू साडेतीन काढलास, तर पत्रकात एक कुणी लिहिला?"

मी बाबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

त्यांना सुटायला एक वाट होती. छपाईची चूक झाली, असं म्हणाले असते तर चाललं असतं. साडेतीनच्या जागी एक पडला, होतं कधीकधी. माफ करा, मुलीचा मूळ कागद हा बघा. मावशी वाचली असती. खरं तर मी त्याच वाक्याची वाट बघत होते. पूर्ण सत्य बोलतील अशी आशा मी शुक्रवारीच सोडली होती.

बाबा घसा साफ करून म्हणाले, "मुलीची चूक झाली. शिकते आहे अजून. आम्ही तिच्या गणितावर विसंबलो."

इंजिनीअरने मीटर मिटून पेटीत ठेवलं. जिला एक आणि साडेतीनातला फरक कळत नाही तिच्या दाबाच्या गोष्टी कोण ऐकणार? मालकाने संघाला एक सवलत दिली: यापुढे दुपारी कारखान्याकडून गरम पाणी मिळेल. मावशीचं नाव मात्र यादीतून गेलं ते गेलं. बाबांनी त्या गरम पाण्याचं पत्रक काढलं. 'लढ्याला यश.' मी ते वाचलं नाही, कुणाला वाटायलाही गेले नाही. घरात कुणी विचारलंही नाही.

घरी येताना बाबा वाटेत म्हणाले होते, "तुझं काय जातंय? तू विद्यार्थिनी आहेस. संघाचं नाव गेलं असतं तर तीस बायकांचं गेलं असतं." हा हिशोब त्यांनी कसा मांडला मला माहीत नाही. मी तो पुष्कळदा मांडून पाहिला. संघाच्या नावाच्या जागी मला प्रत्येक वेळी एका खिळे जुळवणाऱ्या माणसाचं नाव दिसलं, ज्याच्या कागदात चूक नसते. मालकाचा मला राग आहेच, पण तो मालक होता. त्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं की छापलेलं ते खरं असतं.

पुढच्या चैत्रात मुकादमाने यादी वाचली. मावशी आलीच नव्हती. त्या रविवारी मी एस.टी.ने तिच्या वाडीत गेले. मला तिला सांगायचं होतं की चूक माझी नव्हती. एवढंच सांगायला मी दोन गाड्या बदलून गेले होते, याची आता लाज वाटते.

ती परसात भाजावळीसाठी, पेरणीआधी जमीन भाजायला, पालापाचोळा पसरत होती. मला बघून तिने हात झटकले, पाणी दिलं, गूळ दिला. मी सगळं सांगितलं. बाबांनी आकडा बदलला, मला विचारलं नाही, सगळ्यांसमोर माझ्यावर ढकललं.

"ता मला तवाच कळलां," मावशी म्हणाली. "तू मला दोन डाव साडेतीन शिकवलंस. तू कशी चुकशील?"

मला रडू आलं. तिने मला रडू दिलं. मग विचारलं, "पण वाचलंस तूच ना गो, फाटकावर? माझ्याकडं बघत वाचलंस. तवा का नाय थांबलीस?"

"बाबांनी छापलं होतं म्हणून."

"हां." ती पुन्हा पालापाचोळ्याकडे वळली. मला वाटलं, झालं, आता उठावं. तेवढ्यात ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, खरोखर कळत नसल्यासारखी, "पण बाय, साडेतीनात वायट काय होतां?"